एम.ए. अर्थशास्त्र : आपल्या मुलामुलींनी ही पदवी घ्यावी काय?

पदवीचे निकाल लागण्याच्या सुमारास बी.ए. आणि बी.कॉम. झालेल्या मुलामुलींचे पालक या पानाकडे चौकशी करू लागतात. पूर्वी बी.एड.बद्दल विचारणा होई, नंतर कॉम्प्युटरच्या कोर्सची लाट आली, आता एम.बी.ए.चे नाव घेतल्याशिवाय कोणी बोलत नाही. या सगळ्यात अर्थशास्त्रात एम.ए. करण्याचा विषय निघाला की पालकांच्या कपाळावर आठी पडते. "दोन वर्षे घालवून शेवटी मास्तरकीच ना?" असा त्यांचा सवाल असतो. काही घरांत दुसराही सवाल असतो, तो हळू आवाजात विचारला जातो. ज्या विषयात व्याजाशिवाय पान हलत नाही, तो आपल्या मुलाने शिकावा काय? या दोन्ही सवालांचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

आधी आमचे मत सरळ सांगतो. अर्थशास्त्राचे एम.ए. दोन प्रकारचे असते. कागदावर दोन्हींचे नाव एकच असते. पहिल्या प्रकारात विद्यार्थी नोट्स पाठ करतो, परीक्षेच्या आधी महिनाभर गाइड वाचतो, व्याख्या आणि 'गुण-दोष' लिहून पास होतो. अशा एम.ए.ला बाजारात फारशी किंमत नाही आणि त्याबद्दल बाजाराला दोष देण्यातही अर्थ नाही. दुसऱ्या प्रकारात विद्यार्थी गणित व संख्याशास्त्राला भिडतो, आकडेवारी हाताळायला शिकतो आणि इंग्रजीतून चार पाने सुसंगत लिहू शकतो. त्याला रिझर्व्ह बँकेपासून संशोधन संस्थेपर्यंत अनेक दारे उघडी असतात. आपल्या मुलाला यातले कोणते एम.ए. मिळणार, हे बरेचसे एम.ए.ला प्रवेश घेण्याच्या आधीच ठरून गेलेले असते. ते कसे, हे पुढे येईलच.

या पदवीत शिकवतात काय?

विषयांची नावे ऐकून सामान्य माणूस बिचकतो. सूक्ष्मलक्षी अर्थशास्त्र म्हणजे एक ग्राहक, एक कारखानदार, एक बाजार कसा वागतो त्याचा अभ्यास. समग्रलक्षी म्हणजे सबंध देशाचे उत्पन्न, महागाई, बेकारी यांचा. त्यांच्या जोडीला सार्वजनिक आयव्यय, आंतरराष्ट्रीय व्यापार, विकासाचे अर्थशास्त्र, शेतीचे अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि अर्थमिती. अर्थमिती म्हणजे आकडेवारीवरून कार्यकारणाचा माग काढण्याची विद्या. सूत महागले म्हणून कापड महागले, की दोन्ही तिसऱ्याच कारणाने महागले, हे तिच्या साहाय्याने तपासता येते.

हे आपल्या धंद्याशी किती जवळचे आहे, हे एका उदाहरणाने सांगू. मालेगावच्या किंवा भिवंडीच्या एखाद्या छोट्या कारखानेदाराचा विचार करा. तो शेठचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देतो. समजा शेडचे भाडे, मुकादमाचा पगार आणि विजेचा स्थिर आकार मिळून त्याला महिन्याला 60 हजार रुपये लागतात. माग चालोत वा न चालोत, हा खर्च चुकत नाही. माग चालवले तर कारागिरांची मजुरी, वापरलेली वीज, तेल, दुरुस्ती यांचे आणखी 2 लाख 5 हजार होतात. मंदीमुळे विणाईचे मिळतात फक्त 2 लाख 40 हजार. म्हणजे महिन्याला 25 हजारांचा तोटा. शेजारीपाजारी म्हणतात, "तोट्यात कशाला चालवतोस, कुलूप लाव." पण कुलूप लावले तर तोटा 25 हजारांचा नव्हे, 60 हजारांचा होईल. चालवण्याने निदान 35 हजार पदरात पडतात आणि तेवढा भाड्याचा भार हलका होतो. विणाईचे पैसे 2 लाख 5 हजारांच्या खाली घसरले, तरच माग बंद करणे शहाणपणाचे. हा हिशेब अनुभवी कारखानेदाराला अंदाजाने कळतो. अर्थशास्त्रात तो पहिल्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीत, स्थिर खर्च व बदलता खर्च या नावाने शिकवतात.

येथपर्यंतचे ज्ञान बी.ए.तही मिळते. एम.ए.त पुढचा प्रश्न येतो. प्रत्येक कारखानेदार याच हिशेबाने माग चालवत राहिला तर मंदीतही बाजारात कापड येतच राहते, भाव वर येत नाही आणि मंदी लांबते. म्हणून सगळे मिळून काही दिवस माग बंद ठेवण्याचा ठराव करतात. यंत्रमागाच्या गावांना हे नवे नाही. ठराव झाला की प्रत्येकाच्या मनात येते, बाकीचे बंद ठेवणारच आहेत, आपण रात्रपाळीत थोडे चालवले तर भाव आपल्यालाच मिळेल. सगळ्यांच्याच मनात हे येते आणि ठराव बारगळतो. यात कोणाची नियत वाईट आहे असे म्हणून भागत नाही, कारण रचनाच अशी आहे की एकेकट्याचा फायदा आणि सर्वांचा फायदा एकमेकांविरुद्ध जातात. अशा पेचांचे गणित मांडणाऱ्या शाखेला खेळ सिद्धांत म्हणतात. त्यातील कामासाठी जॉन नॅश यांना 1994 मध्ये आणखी दोघांबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ठराव टिकवायचा असेल तर देखरेख कशी असावी, दंड किती असावा, सभासद किती असावेत, याचा विचार या शाखेत होतो. ज्याच्या बापाचा कारखाना आहे त्या मुलाने हे शिकून घरी यावे, यात वाया जाण्यासारखे काय आहे?

गणिताची अट

आता वर जे 'आधीच ठरून गेलेले असते' म्हटले, त्याकडे येऊ. दहावीनंतर आपल्याकडे मुलगा आर्ट्सला गेला की पहिला आनंद गणित सुटल्याचा असतो. कॉमर्सला गेलेलीही पुष्कळ मुले गणिताऐवजी दुसरा विषय घेतात. त्या वयात हा निर्णय सोयीचा वाटतो. पाच वर्षांनंतर तोच निर्णय चांगल्या संस्थेच्या दारात आडवा येतो. मुंबईत गोरेगावला रिझर्व्ह बँकेने 1987 मध्ये स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाचे देशातील हे एक वरच्या दर्जाचे ठिकाण. तेथे बारावीपर्यंत गणित असणे ही अटच आहे. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये वर्गात पाऊल ठेवले की कलन आणि संभाव्यता येतात असे गृहीत धरूनच शिकवायला सुरुवात होते. तेथे गणित न येणाऱ्याचे हाल होतात.

म्हणून ज्या घरात दहावीचा मुलगा वा मुलगी आहे आणि अर्थशास्त्राचा थोडाही विचार आहे, त्यांना आमची कळकळीची विनंती आहे की अकरावीला गणित सोडू देऊ नका. आर्ट्सलाही गणित घेता येते, फक्त ती सोय असलेले कनिष्ठ महाविद्यालय शोधावे लागते. मुलींच्या बाबतीत तर हे आवर्जून सांगावेसे वाटते. "मुलीला गणित कशाला" हे वाक्य आजही चांगल्या शिकलेल्या घरांत ऐकू येते आणि त्यापायी हुशार मुली शर्यतीत उतरण्यापूर्वीच बाद होतात.

ज्यांचे गणित सुटून गेले आहे त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. पदवीच्या तीन वर्षांत ते भरून काढता येते, मात्र कष्ट पडतात. बारावीच्या गणिताच्या पुस्तकातील फलने, सीमा, विकलन आणि सारणी ही प्रकरणे घरी सोडवावीत, मग ॲल्फा चियांग यांचे गणिती अर्थशास्त्रावरील पाठ्यपुस्तक हाती घ्यावे. ते जाडजूड असले तरी प्रत्येक पायरी समजावून सांगते. सूक्ष्मलक्षीसाठी हॅल व्हॅरियन, समग्रलक्षीसाठी ग्रेगरी मॅन्क्यू आणि अर्थमितीसाठी दामोदर गुजराती. हे गुजराती 1960 साली मुंबई विद्यापीठातून एम.कॉम. झाले, मग शिकागोला जाऊन डॉक्टरेट मिळवली आणि त्यांचे पुस्तक जगभरच्या विद्यापीठांत लागले. कॉमर्सवाल्याला अर्थशास्त्र जमत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे.

भाषेची अडचण ही दुसरी. उर्दू माध्यमातून आलेली मालेगाव-भिवंडीची मुले काय किंवा मराठी माध्यमातून आलेली कोकणातली मुले काय, विषय समजतो पण इंग्रजीत लिहिता येत नाही अशी त्यांची कोंडी असते. एन.सी.ई.आर.टी.ची अकरावी-बारावीची अर्थशास्त्राची पुस्तके इंग्रजीबरोबर उर्दूतही निघतात. दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचल्या तर पारिभाषिक शब्द लवकर अंगवळणी पडतात. हा उपाय साधा आणि स्वस्त आहे.

व्याजाचा सवाल

आता त्या हळू आवाजातल्या सवालाकडे वळू. कुरआनने रिबा हराम ठरवला आहे, याबाबत आमच्या वाचकांना काही सांगण्याची गरज नाही. मग ज्या शास्त्रात व्याजदर हा पायाचा दगड मानला जातो ते शिकणे योग्य काय? फतवा देणे हे आमचे काम नाही, ते उलेमांनी करावे. पण विषयाच्या बाजूने दोन गोष्टी सांगता येतात. रोगाचा अभ्यास करणारा डॉक्टर रोगाचा पुरस्कर्ता नसतो. व्याजाने बचत वाढते की नाही, कर्जबाजारी शेतकरी त्यात कसा गुंततो, सावकार आणि बँक यांच्या दरात एवढी तफावत का असते, हे सगळे अर्थशास्त्राचे अभ्यासविषय आहेत. व्याजावर टीका करणाऱ्याला तर त्यांची ओळख अधिकच हवी.

दुसरी गोष्ट इतिहासाची. बिनव्याजी अर्थव्यवस्थेचा विचार आधुनिक भाषेत ज्यांनी मांडला, त्यांत एक ठळक नाव अलिगढचे आहे. प्रा. मुहम्मद नजातुल्लाह सिद्दीकी यांचा जन्म 1931 चा. अलिगढ मुस्लिम विद्यापीठातच ते अर्थशास्त्र शिकले, तेथेच त्यांनी शिकवले आणि पुढे जेद्दाच्या किंग अब्दुल अझीझ विद्यापीठात प्राध्यापक झाले. बिनव्याजी बँक कशी चालेल यावरचे त्यांचे पुस्तक आधी उर्दूत आले आणि मग इंग्रजीत गेले. ठेवीदाराने बँकेबरोबर नफ्या-तोट्यात भागी करावी आणि बँकेने तशीच भागी व्यापाऱ्याबरोबर करावी, अशी दुहेरी मुदारबाची मांडणी त्यांनी केली. 1982 मध्ये त्यांना किंग फैसल पुरस्कार मिळाला. 2022 मध्ये त्यांचे निधन झाले. व्याजाला पर्याय मांडण्यासाठी आधी चालू अर्थशास्त्र पक्के शिकावे लागते, हे त्यांच्या आयुष्यावरून दिसते.

मुदारबाचेच पाहा. त्यातला खरा पेच कोणता? पैसा एकाचा आणि हात दुसऱ्याचे. व्यापाऱ्याने नफा कमी दाखवला तर भांडवलवाल्याला कळणार कसे? हा माहितीच्या विषमतेचा प्रश्न आहे. जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी बटाईच्या शेतीवर याच अंगाने काम केले. जमीनमालक आणि कूळ यांच्यात पीक वाटून घेण्याची पद्धत का टिकते, याचा त्यांचा शोधनिबंध 1974 चा. माहितीच्या विषमतेवरील कामासाठी त्यांना 2001 मध्ये दोघांसह नोबेल मिळाले. बिनव्याजी पतपेढी चालवणाऱ्या आपल्या बांधवांना रोज याच अडचणीशी झगडावे लागते, पण हे वाङ्मय त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

आपल्या देशातील घडामोडही बोलकी आहे. 2008 मध्ये रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने वित्तीय सुधारणांच्या अहवालात बिनव्याजी बँकिंगची सोय व्हावी अशी शिफारस केली. त्यानंतर बरीच चर्चा झाली आणि 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवल्याचे माहितीच्या अधिकारातून बाहेर आले. या सबंध काळात आपल्याकडून निवेदने पुष्कळ गेली. पण ठेवीदाराच्या सुरक्षेचे काय, रोख राखीव प्रमाण कसे सांभाळणार, तोटा झाल्यास काय, या तांत्रिक प्रश्नांना आकड्यांनिशी उत्तर देऊ शकणारी माणसे आपल्यात किती होती? रिझर्व्ह बँकेसमोर अर्थशास्त्राच्या भाषेतच बोलावे लागते.

सच्चर समितीचा अहवाल हे याच मुद्द्याचे दुसरे उदाहरण. 2006 च्या त्या अहवालाचा आधार जनगणना आणि राष्ट्रीय नमुना पाहणीची आकडेवारी हा होता आणि समितीचे सदस्य-सचिव अबुसालेह शरीफ हे अर्थतज्ज्ञ होते. आपल्या हलाखीबद्दल सभांतून बोलणारे त्यापूर्वीही होते, पण आकडे पुढे आल्यावर ती गोष्ट नाकारता येईना. त्याच अहवालात असेही नोंदवले होते की देशातील नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या 25 विद्यार्थ्यांत एक आणि पदव्युत्तरच्या 50 विद्यार्थ्यांत एकच मुस्लिम आहे. हे आकडे आता जुने झाले. नवे आकडे कोणी काढायचे?

कोठे शिकावे?

मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग शंभर वर्षांहून जुना आहे आणि कलिन्याच्या विद्यानगरीत आहे. आता तो मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी या नावाने ओळखला जातो. सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी येथे शिकवले. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी, 1956 मध्ये, सरकारी आराखड्याला या दोघांनी वेगळा पर्याय सुचवला होता. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था आहे. भारत सेवक समाजाच्या आश्रयाखाली ती 1930 मध्ये सुरू झाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक होते. गाव-शहरांच्या पाहणीचे काम शिकायचे तर या संस्थेची परंपरा मोठी.

महाराष्ट्राबाहेर दिल्ली स्कूल (स्थापना 1949), जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, हैदराबादचे केंद्रीय विद्यापीठ, अलिगढ आणि जामिया मिल्लिया ही नावे प्रमुख. नेहरू विद्यापीठातील अर्थशास्त्राचे केंद्र उभे करणाऱ्या कृष्णा भारद्वाज मुंबई विद्यापीठाच्या विद्यार्थिनी होत्या. त्याच केंद्रातून 1983 मध्ये एम.ए. झालेले अभिजित बॅनर्जी 2019 मध्ये नोबेलचे मानकरी ठरले. त्यांच्या मातोश्री निर्मला पाटणकर-बॅनर्जी या मराठी आणि स्वतः अर्थतज्ज्ञ, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. उर्दू माध्यमातच पुढे जायचे असेल तर हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ आहे. नोकरी किंवा दुकान सांभाळून शिकणाऱ्यांना नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ सोयीचे. लग्नानंतर शिक्षण अर्धवट राहिलेल्या भगिनींनीही त्याचा विचार करावा. मात्र दूरशिक्षणात गणिताकडे स्वतःच लक्ष द्यावे लागते, तेथे कोणी मागे लागत नाही.

प्रवेशाबाबत एक गोष्ट अनेकांना उशिरा कळते. केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी 2022 पासून सामायिक परीक्षा सुरू झाली आणि 2024 पासून ती मार्च महिन्यात होत आली आहे. 75 बहुपर्यायी प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. अर्ज त्याच्याही दोन-तीन महिने आधी भरायचे असतात. म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागेपर्यंत गाडी कधीच सुटलेली असते. शेवटच्या वर्षात असतानाच अर्ज करता येतो, निकालाची वाट पाहायची नसते. अलिगढ व जामियाच्या काही अभ्यासक्रमांना त्यांची स्वतंत्र परीक्षा असते, म्हणून त्या त्या वर्षीचे माहितीपत्रक वाचल्याशिवाय कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये.

महाराष्ट्रातील विद्यापीठांत 2023 पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम बदलला आहे. दोन वर्षांचे मिळून 88 श्रेयांक असतात आणि एका वर्षानंतर थांबायचे असल्यास पदव्युत्तर पदविका मिळते. त्यात संशोधन पद्धती, संशोधन प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांना श्रेयांक आहेत. या कामाच्या अनुभवासाठी मुले कोठेतरी सही-शिक्का मिळवून मोकळी होतात, हे आम्हाला बरे वाटत नाही. आपल्या गावात पतपेढी आहे, यंत्रमाग संघ आहे, फळांची वखार आहे, मासळीचा लिलाव आहे. तेथे महिनाभर बसून रोजच्या भावांची नोंद केली तरी चांगला प्रकल्प उभा राहील, आणि त्या संस्थांनाही स्वतःच्या धंद्याचे आकडे प्रथमच नीट मांडलेले दिसतील.

खर्च आणि कर्ज

एम.बी.ए.च्या खाजगी संस्थांची फी लाखांत जाते आणि त्यासाठी बँकेचे शैक्षणिक कर्ज काढावे लागते. त्यावर व्याज आलेच. सरकारी विद्यापीठातील एम.ए.ची फी त्या मानाने फारच कमी असते, खरा खर्च राहण्या-जेवण्याचा. व्याजाच्या कर्जापासून दूर राहू इच्छिणाऱ्या कुटुंबाला उच्च शिक्षणाचा हा मार्ग झेपण्यासारखा आहे. या पदवीच्या बाजूने ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते.

शिष्यवृत्तीचे म्हणाल तर परिस्थिती पूर्वीसारखी नाही. एम.फिल. व पीएच.डी.साठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्र सरकारने 2022 मध्ये बंद केली. तिच्या भरवशावर राहू नये. मात्र बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी अशा ज्या बिरादऱ्या राज्याच्या इतर मागासवर्गीय यादीत आहेत, त्यांच्या मुलांना त्या प्रवर्गाच्या सवलती मिळू शकतात. ज्यांना त्या लागू नाहीत त्यांनी महाडीबीटीवरील आर्थिक निकषाच्या योजना पाहाव्यात. आपल्या जमाती, बैतुलमाल आणि शैक्षणिक ट्रस्ट डॉक्टर-इंजिनिअरला मदत करतात, एम.ए.वाल्याला मात्र "यात काय मिळणार" म्हणून परत पाठवतात. हा भेद त्यांनी सोडावा. एका वैद्यकीय जागेच्या खर्चात एम.ए.ची कितीतरी मुले कर्जे हसनावर शिकतील.

पुढे काय?

मास्तरकीला कमी लेखणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की अकरावी-बारावीला अर्थशास्त्र आर्ट्स आणि कॉमर्स दोन्ही शाखांत शिकवले जाते. एम.ए., बी.एड. झालेल्याला कनिष्ठ महाविद्यालयाचे दार आहे. वरिष्ठ महाविद्यालयासाठी एम.ए.ला 55 टक्के आणि नेट किंवा सेट लागते, इतर मागासवर्गीयांना 50 टक्के पुरतात. नेटमध्ये वरचा क्रमांक आला तर संशोधन फेलोशिप मिळते. 2023 पासून तिची रक्कम पहिली दोन वर्षे महिना 37 हजार आहे.

सरकारी नोकरीत भारतीय आर्थिक सेवा ही खास अर्थशास्त्राच्या पदव्युत्तरांसाठीची सेवा आहे. तिची परीक्षा संघ लोकसेवा आयोग घेतो, वयाची मर्यादा 21 ते 30, इतर मागासवर्गीयांना तीन वर्षांची सूट. लेखी परीक्षा 1000 गुणांची, मुलाखत 200 ची, आणि उत्तरे इंग्रजीतच लिहावी लागतात. आय.ए.एस.चा ध्यास घेतलेली आपली मुले या परीक्षेचे नावही ऐकून नसतात. रिझर्व्ह बँक आपल्या आर्थिक संशोधन विभागासाठी ग्रेड 'बी' अधिकारी घेते, त्याला अर्थशास्त्रातील एम.ए. 55 टक्क्यांनी लागते. हे काम संशोधनाचे आणि धोरणाचे असते. शाखेत बसून कर्ज वाटण्याचे नसते. तरीही ज्याच्या मनात शंका असेल त्याने उलेमांना विचारून निर्णय घ्यावा. राज्यात अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे. 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' दरवर्षी तेच काढते. त्याशिवाय खाजगी संशोधन संस्था, वृत्तपत्रे, पतमापन कंपन्या आहेत. बाहेर मलेशियात इस्लामी वित्तव्यवहाराचे उच्च शिक्षण मिळते, पण तेथे जाण्याआधी येथला पाया पक्का असावा.

शेवटी कागदपत्रांबद्दल, कारण आपल्या मुलांच्या जागा परीक्षेत कमी आणि कागदात जास्त जातात. दहावीच्या प्रमाणपत्रावर 'शेख' आधी, आधार कार्डावर नंतर. उर्दू शाळेच्या दाखल्यावर नावाचे एक स्पेलिंग, पदवीच्या गुणपत्रिकेवर दुसरे. मुलींच्या बाबतीत वडिलांचे नाव कोठे आहे, कोठे नाही. ऑनलाइन अर्जात हे चालत नाही. नाव बदलाची राजपत्रात नोंद करण्यास वेळ लागतो. उत्पन्नाचा दाखला दरवर्षी नवा काढावा लागतो, जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र यांना तहसीलच्या चकरा पडतात. ही कामे पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीतच उरकून घ्यावीत आणि सर्व मूळ कागद एका फाइलीत घरी ठेवावेत, एजंटाकडे नव्हेत.